पाचगणीच्या निवासी शाळांस खुले पत्र : हिरड्याची गुळणी आणि मुलांचे दात

पाचगणी येथील सर्व निवासी शाळांच्या मुख्याध्यापक व मुख्याध्यापिका महोदयांस,



जून महिन्यात पसरणीचा घाट चढून जे पालक मुलांना आपणां सर्वांच्या स्वाधीन करतात, त्यांच्या हाती सामानाची एक यादी आधीच पडलेली असते. तीत स्वेटर किती, मोजे किती, रेनकोट कसा, कपड्यांवर नाव कोठे शिवावयाचे, येथपर्यंतचा बारीक तपशील असतो. परंतु त्याच यादीच्या तळाशी ब्रश आणि टूथपेस्ट हे दोन जिन्नस कोणत्याही विशेषणावाचून उभे असतात, आणि ती पेस्ट कोणती असावी हा प्रश्न पालकाच्या श्रद्धेवर, दुकानदाराच्या शिफारशीवर किंवा जाहिरातीच्या आग्रहावर सोडून दिलेला असतो. अलीकडे श्रद्धा, शिफारस व आग्रह ही तिन्ही वनौषधींच्या बाजूला झुकली आहेत. एका वेष्टनावर निंब, दुसऱ्यावर बाभूळ, तिसऱ्यावर लवंग, चौथ्यावर या तिघांच्या जोडीला हळद, तुळस आणि ज्येष्ठमध. आणि उद्या एखाद्या पालकसभेत कोणी उभे राहून वसतिगृहातील सर्व मुलांना ‘रसायनविरहित’ वनौषधी पेस्टच द्यावी अशी सूचना मांडली, तर तिला विरोध करणे आपणांपैकी बहुतेकांना जड जाईल. ती वेळ येण्यापूर्वी दोन गोष्टी आपल्या कानांवर घालाव्यात म्हणून हा पत्रप्रपंच. पहिली अशी की, या वनस्पतींच्या गुणांविषयी जे बोलले जाते ते सारेच थोतांड नाही. दुसरी अशी की, ते कितपत खरे आहे याची कसोटी घेण्यास महाराष्ट्रात आपल्या शाळांइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल, आणि ती कसोटी पुरी होईपर्यंत मुलांच्या तोंडातले फ्लोराइड काढून घेण्याचा अधिकार कोणासही नाही. प्रस्तुत लेखक दंतवैद्य नाही आणि कोणत्याही पेस्टच्या कारखान्यात त्याची पातीही नाही, हेही येथेच नमूद करून ठेवतो.

वनस्पतींच्या साह्याने दात राखण्याचा विचार आपल्याकडे अडाणीपणाने झालेला नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दंतकाष्ठाचे जे वर्णन आले आहे, ते एखाद्या सरकारी खात्याने खरेदीच्या निविदेत जसेच्या तसे उतरवून घ्यावे इतके काटेकोर आहे: लांबी बारा अंगुळे, जाडी करंगळीएवढी, काडी सरळ, बिनगाठीची, छिद्ररहित, कडू झाडांत निंब, तुरटांत खदिर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ, आणि घासताना हिरड्यांना इजा होऊ नये ही ताकीद. वाग्भटाने तर दंतकाष्ठ कोणी वापरू नये याचीही यादी दिली आहे, आणि तीत अजीर्ण, ओकारी, दमा, खोकला, ज्वर व मुखपाक यांनी पीडलेल्या माणसांचा समावेश आहे. औषध कोणास वर्ज्य हे सांगणारा ग्रंथ त्या औषधाला खरोखरच औषध मानतो. त्याच ग्रंथाचा हवाला देणाऱ्या आजच्या रंगीत वेष्टनांवर मात्र ही वर्ज्यांची यादी शोधून सापडत नाही, आणि परंपरेचा एवढाच अर्धा भाग बाजारात का यावा, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

घरोघरी उतरलेली या शास्त्राची आवृत्ती अर्थातच इतकी काटेकोर राहिली नाही. कोकणात आंब्याचे पान, देशावर निंबाची वा बाभळीची काडी, आणि ज्यांच्या परसात यांपैकी काहीच नाही त्यांच्यासाठी गोवरीची राखुंडी, कोळशाची पूड किंवा नुसते मीठ, असा आमच्या वाडवडिलांचा शिरस्ता होता. पुढे मुंबईच्या नोगी कंपनीच्या माकडछाप काळ्या पुडीने राखुंडीची जागा घेतली, आणि १९५२ साली केशव विष्णु पेंढरकर यांनी स्थापन केलेल्या विको कंपनीने वज्रदंतीच्या रूपाने वनौषधी दंतमंजन देशभर पोचवले. या वज्रदंतीवरून अबकारी खाते आणि कंपनी यांच्यात जो दीर्घ वाद झाला, तो आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. मंजन हे सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदीय औषध, एवढाच मुद्दा, कारण त्यावर कराचा दर अवलंबून. वर्षानुवर्षे न्यायालयांचे उंबरठे झिजल्यावर अखेर ते औषध ठरले. निकाल योग्यच असेल. परंतु जकातीच्या कोष्टकात एखादा जिन्नस कोठल्या रकान्यात बसतो, यावरून त्याने दाताची कीड थांबते की नाही हे कळत नाही, आणि परवान्यावर ‘आयुर्वेदिक’ असा शब्द आहे म्हणून ती खातरजमा झाली असे मानणाऱ्या सुशिक्षितांची संख्या आमच्यात लहान नाही.

आता किडीविषयी. दाताला कीड लागते असे आपण म्हणतो, आणि ती कीड म्हणजे खरोखरीचा किडा आहे असा समज जगभर होता. सुश्रुताने दंतरोगांत कृमिदंतक हा एक रोग गणला आहे, आणि भुईरिंगणीचे बी निखाऱ्यावर टाकून त्याचा धूर दुखऱ्या दाढेला देऊन ‘किडे पाडणारे’ लोक आपल्या बाजारांतून अगदी अलीकडेपर्यंत हिंडत असत. युरोपात हाच उद्योग खुरासनी ओव्याच्या जातीच्या बियांनी चाले, आणि तेथे खाली पडणारे किडे म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बीजांचे अंकुर होत, हे पुढे उघडकीस आले. खरा अपराधी डोळ्यांना दिसणारा नव्हता. १८९० साली मिलर या अमेरिकन दंतवैद्याने तोंडातील सूक्ष्म जंतू अन्नातील शर्करेचे आम्ल करतात व ते आम्ल दाताचे कवच विरघळवते, असा सिद्धांत मांडला. १९२४ साली क्लार्क या संशोधकाने किडलेल्या दातांतून एक जंतू वेगळा काढून त्याला स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हे नाव दिले. या जंतूची कारवाई दुहेरी आहे. साखर मिळताच तो तिच्यापासून एक चिकट, न विरघळणारा लेप तयार करून त्याच्या आधाराने दाताला घट्ट धरून बसतो, आणि त्याच साखरेचे लॅक्टिक आम्लही करतो. दातालगतचा सामू ५.५ च्या खाली गेला की दातातील कॅल्शियम व फॉस्फेट बाहेर पडू लागतात. काही वेळाने लाळ हे आम्ल शमविते आणि गेलेल्या क्षारांपैकी काही परत दातात बसवते. कीड म्हणजे या जमाखर्चात दीर्घकाळ चाललेली तूट. सबब किडीवर इलाज शोधणाऱ्याने जंतू मारण्याचाच हट्ट धरण्याचे कारण नाही. जंतूची पकड सैल केली, आम्ल कमी केले, किंवा क्षारांची परतफेड वाढवली, तरी काम होते.

ही गोष्ट ध्यानात ठेवून हिरड्याकडे वळावे. पाचगणी वसविणाऱ्या चेसनसाहेबांच्या वेळेपासून येथील रस्त्यांवर परदेशी सिल्व्हर ओक मिरवत असले, तरी महाबळेश्वराच्या बाजूच्या रानात जांभूळ, अंजनी, पिसा यांच्या सोबतीने हिरडा शतकानुशतके उभा आहे. त्याच्या फळात टॅनिन भरपूर. इतके की एके काळी मुंबई इलाख्यातून हिरडा जहाजांनी विलायतेच्या चर्मोद्योगाला जात असे, आणि त्या व्यापारातील एका प्रतीला वेंगुर्ल्याचे नावही मिळाले होते. जे द्रव्य कातड्यातील प्रथिनांना बांधून टाकते, ते जंतूच्या प्रथिनांना व त्यांच्या चिकट लेप बनविणाऱ्या विकरांनाही बांधील, ही कल्पना तर्कदृष्ट्या सरळ आहे. तिची परीक्षा मुंबईतच झाली. कालिना येथील बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसीतील जगताप आणि करकेरा या संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार हिरड्याच्या जलीय अर्काने म्यूटन्स जंतूची वाढ रोखली, साखरेच्या साह्याने चिकटण्याची त्याची क्रिया दाबली, आणि दहा टक्के द्रावणाने चूळ भरणाऱ्या माणसांच्या लाळेत जंतूंची संख्या व साखरेचे आम्ल होण्याची क्रिया चूळ भरल्यानंतर नव्वद मिनिटांपर्यंत घटलेली आढळली. बाळहिरडा उगाळून तान्ह्या मुलाला चाटविणाऱ्या आजीला या निबंधाची गरज नव्हती. मला व आपणांस आहे, कारण आजीच्या अनुभवात हिरड्यावाचून वाढलेली तुलनेची मुले नव्हती.

निंबाची कथा याहून मनोरंजक आहे. निंब जंतू मारतो अशी आपली ठाम समजूत. परंतु १९९६ साली अमेरिकेत निंबाच्या काडीच्या अर्काची परीक्षा झाली, तेव्हा वापरलेल्या मात्रेत जंतूंची वाढ थांबलेली दिसली नाही. झाले ते इतकेच की जंतूंचा तो चिकट लेप कमी तयार झाला आणि दातासारख्या पृष्ठभागाला धरून बसण्याची त्यांची शक्ती उणावली. कडू झाडाचे काम असे मवाळ निघावे हे आमच्या समजुतीला धक्का देणारे असले, तरी औषधीदृष्ट्या ते चांगलेच आहे, कारण तोंडातील सर्वच जंतू शत्रू नव्हेत आणि सरसकट कत्तल करणारे द्रव्य रोज वापरणे शहाणपणाचे नाही. दंतवैद्य शस्त्रक्रियेनंतर जे क्लोरहेक्झिडिन देतात ते जंतुनाशक म्हणून उत्तम असूनही फार दिवस वापरल्यास दात तपकिरी करते व जिभेची चव बिघडवते. आठ ते बारा वर्षांच्या शाळकरी मुलांना त्रिफळ्याच्या व या क्लोरहेक्झिडिनच्या गुळण्या देऊन केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात दोहोंच्या परिणामांत म्हणण्यासारखे अंतर पडले नाही. हिरडा, बेहडा, आवळा या तीन फळांनी प्रतिष्ठित औषधाच्या पंक्तीला बसावे, ही अभिमानाची गोष्ट खरी. मात्र असे प्रयोग काही महिन्यांचे असतात, आणि कायमच्या दातात खड्डा पडण्याचा व्यवहार वर्षांचा असतो.

याच ठिकाणी वनौषधींचे वकील आणि मी यांच्या वाटा फुटतात. काचेच्या बशीत चोवीस तास अर्कात बुडून राहिलेला जंतू आणि दाढेच्या खाचेत थरावर थर रचून बसलेला जंतू यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. बशीत लाळ वाहत नाही, जीभ फिरत नाही, मूल अर्ध्या मिनिटात चूळ थुंकून झोपायला पळत नाही. नव्वद मिनिटांची जरब मोठी असली तरी दिवसात मिनिटे १,४४० असतात. शिवाय पेस्टमध्ये घातलेला अर्क किती, कोणत्या भागाचा, कोणत्या ऋतूत तोडलेल्या फळाचा, आणि वर्षभर नळीत राहिल्यावर त्यात गुण किती उरला, याचा दाखला वेष्टनावर मिळत नाही. पाठीमागच्या बारीक अक्षरांत वनस्पतींची लांबलचक नामावळी असते आणि अभ्यासलेल्या मात्रेशी तिचा संबंध क्वचितच जुळतो. सांगलीची हळद भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे, ती उत्तमच आहे. पण तिचा रंग पेस्टला आला म्हणजे तिचा गुण दाताला आला असे होत नाही.

आणि वनस्पती म्हटली की ती निरुपद्रवी, या समजुतीचे काय करावे? लवंगेच्या तेलातील युजेनॉल दंतवैद्यांच्या सिमेंटात आजही वापरतात, पण तेच तेल कापसाच्या बोळ्याने पुन्हा पुन्हा लावल्यास हिरडी भाजते, आणि लहान मुलाने ते गिळल्यास जीवावर बेतू शकते. निंबाचे तेल पोटात गेल्यानेही तान्ही मुले गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. सर्वांत ढळढळीत उदाहरण आमच्याच घरांतले. तव्यावर भाजून कुटलेल्या तंबाखूची मशेरी हेही वनस्पतीजन्य दंतमंजनच होय, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या मुलखातील किती तरी बायाबापड्या दाढ दुखायची थांबते, पोट साफ होते, या समजुतीने सकाळी ती बोटावर घेतात व मग दिवसातून अनेकदा घेत राहतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागातील डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून मुखकर्करोग आणि त्याच्या पूर्वावस्थांविषयीचा जो अहवाल १९७२ साली प्रसिद्ध केला, तो या प्रदेशातील तंबाखूच्या सवयींचे दप्तरच आहे. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनांत तंबाखू घालण्यास मनाई केली, आणि ती मनाई सर्वोच्च न्यायालयातही टिकली. परंतु हा हुकूम कारखान्यांना लागू पडतो, चुलीवरच्या तव्याला नाही. आपल्या मुदपाकखान्यांत आणि वसतिगृहांत भोवतालच्या खेड्यांतून ज्या मावश्या कामाला येतात, त्यांपैकी कोणाच्या कनवटीला मशेरीची डबी असल्यास तिला रागे न भरता वर्षातून एकदा तिचेही तोंड दंतवैद्याकडून तपासून घेण्याची तजवीज शाळेने केली, तर ते मुलांच्या पेस्टइतकेच मोलाचे काम होईल.

आता ज्या विषयाला पालकसभांत सहसा कोणी हात घालत नाही, त्या साखरेकडे येतो. पाचगणी ही स्ट्रॉबेरीची, जॅमची, सरबतांची, चिक्कीची आणि फजची बाजारपेठ. रविवारी बाहेर जाण्याची मुभा मिळालेले मूल रिकाम्या हाताने परत आले तर ते आजारी समजावे. या पदार्थांशी माझे वैर नाही. प्रश्न प्रमाणाचा असण्यापेक्षा वारंवारतेचा आहे, हे दोन ठिकाणच्या अनुभवांनी निर्विवाद ठरले आहे, आणि योगायोग असा की दोन्ही ठिकाणे निवासी संस्थाच होती. स्वीडनमधील लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म मनोरुग्णालयात १९४५ पासून काही वर्षे रुग्णांना निरनिराळ्या प्रकारे साखर देण्यात आली. जेवणाबरोबर दिलेल्या साखरेने दात फारसे किडले नाहीत, पण दोन जेवणांच्या मधल्या वेळांत दिलेल्या चिकट टॉफीने ते झपाट्याने किडले. ज्यांना नकार देण्याची शक्ती नव्हती अशा माणसांवर केलेला हा प्रयोग नीतीच्या दृष्टीने कलंकित आहे, आणि त्याचे निष्कर्ष वापरताना ते विसरता कामा नये.

दुसरे ठिकाण ऑस्ट्रेलियातील बाउरल गावचे होपवुड हाउस हे बालसदन. तेथील मुलांना लहानपणापासून दूध, भाज्या, फळे, सालासकटचे धान्य असा शाकाहार मिळे, आणि साखर व मैदा जवळजवळ नव्हता. दंतवैद्यांनी वर्षानुवर्षे त्यांचे दात तपासले, तेव्हा तेथील किडीचे प्रमाण बाहेरच्या सरकारी शाळांतील मुलांच्या मानाने अगदीच नगण्य आढळले. आणि हे अशा स्थितीत की पाण्यात फ्लोराइड नव्हते, मुले दातही नीट घासत नव्हती, त्यांच्या हिरड्या सुजलेल्या असत. पुढे वयात येऊन ती मुले सदनाबाहेर पडली, बाहेरचे खाऊ लागली, आणि त्यांच्या दातांची कीड इतरांच्या बरोबरीला येऊ लागली. लहानपणीच्या आहाराने दात कायमचे बळकट होतात ही आशा यामुळे मावळली, पण स्वयंपाकघराची किल्ली ज्याच्या हाती त्याच्या हाती दातांचीही किल्ली असते, हे सिद्ध झाले. ती किल्ली, महोदय, वर्षातील नऊ-दहा महिने आपल्याकडे असते. मधल्या सुट्टीतली बिस्किटे व गोड पेये बंद करून चणे, शेंगदाणे, फळे ठेवणे, आणि घरून आलेल्या डब्यांतील मिठाई जेवणाबरोबरच वाटणे, यांसाठी कोणत्याही अर्काची वा परवान्याची गरज नाही. स्ट्रॉबेरी तशीच खाल्ली तर फळ आहे. पाकात शिजली की प्रकरण बदलते.

फ्लोराइडविषयी थोडक्यात लिहितो, कारण येथे वादाला फारशी जागा उरलेली नाही. ते दाताच्या क्षारांना परत बसण्यास मदत करते आणि तयार होणाऱ्या थराला आम्लापुढे अधिक टिकाऊ बनवते. मुलांतील कीड कमी करणाऱ्या रोजच्या उपायांत त्याच्याइतका भक्कम पुरावा कशालाच नाही. आपल्या देशात पेस्टमध्ये ते दशलक्ष भागांस १,००० भागांपर्यंत घालण्याची मर्यादा आहे आणि प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. चंद्रपूर, यवतमाळ अशा जिल्ह्यांतील काही गावांत विहिरींच्या पाण्यातच ते जास्त असल्यामुळे दातांवर डाग पडतात ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणून शाळेने आपल्या पाण्याची एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. पण त्या भीतीने वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन थुंकणाऱ्या मुलाच्या हातून ती काढून घेणे म्हणजे पुराच्या बातमीवरून तहानलेल्याचा पेला हिसकावणे होय. बाजारातील पुष्कळशा वनौषधी पेस्टांत फ्लोराइड नसते, किंबहुना ते नाही हेच त्यांचे भूषण म्हणून सांगितले जाते. २००२-०३ च्या राष्ट्रीय मुखआरोग्य पाहणीत बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या दातांत कीड आढळली होती. अशा देशात हे भूषण परवडणारे नाही. म्हणून शाळेने पेस्टपुढे ‘फ्लोराइडयुक्त’ एवढे विशेषण आवर्जून जोडावे, आणि रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे हे सकाळच्या घासण्याहून महत्त्वाचे मानावे, कारण झोपेत लाळ आटते आणि आम्ल शमविणारे कोणी उरत नाही. पाचगणीच्या डिसेंबरातल्या गार पाण्याची सबब मुले पुढे करतील. तिला उत्तर म्हणून तांब्याभर कोमट पाण्याचा बंदोबस्त पुरेसा आहे.

मग हिरड्याचे काय? त्याला फ्लोराइडच्या जागी नव्हे, फ्लोराइडच्या जोडीला उभे करून पाहावे, अशी माझी दरखास्त आहे. आपल्या शाळांत शेकडो मुले एकाच घंटेला उठतात, एकाच पंक्तीला एकच अन्न जेवतात, एकाच वेळी दात घासतात. घरोघरी विखुरलेल्या मुलांवर असा अभ्यास करताना संशोधकाला ज्या अडचणी येतात त्यांपैकी निम्म्या येथे आपोआप दूर होतात. कराडला कृष्णा विश्व विद्यापीठाचे दंतविज्ञान महाविद्यालय आहे, सांगलीला भारती विद्यापीठाचे व जवळच कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचे दंतमहाविद्यालय आहे. हे अंतर एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. सर्व मुलांनी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. काही शयनगृहांना त्यानंतर हिरड्याच्या ठरावीक मात्रेच्या काढ्याची गुळणी मिळावी, काहींना तशाच रंगाच्या व तुरट चवीच्या पण निर्गुण पाण्याची. कोणत्या शयनगृहाला काय मिळते हे चिठ्ठ्या टाकून ठरावे, आणि दात तपासणाऱ्याला ते कळू नये. गुळणी गिळण्याचा संभव असलेली सहा वर्षांखालील मुले यात नसावीत. पालकांची लेखी संमती हवी, मुलाचीही हवी, आणि नको म्हणणाऱ्या मुलाला एकही प्रश्न विचारला जाऊ नये. व्हिपेहोल्मची छाया आपल्या अंगणात पडू द्यावयाची नसेल तर महाविद्यालयाच्या नीतिसमितीची मान्यता आणि देशाच्या चिकित्सा-परीक्षण नोंदवहीत आधीच केलेली नोंद या दोन अटींत काडीचीही सूट असू नये. मुदत निदान दोन वर्षांची असावी, कारण त्याहून कमी काळात नव्या किडीचा हिशेब लागत नाही. आणि निष्कर्ष हिरड्याच्या विरुद्ध गेला तरी तो छापला जाईल असे पहिल्याच दिवशी जाहीर करावे. आपल्या परंपरेच्या नावाने पैसा मिळविणाऱ्यांनी आजवर ही एक गोष्ट करण्याचे बहुधा टाळले आहे.

हिरडाच का, निंबाची काडी का नको, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गांधीजींच्या एका सवयीत आहे. आगाखान पॅलेसच्या बंदिवासातून सुटल्यानंतर गांधीजी १९४४ च्या जुलैत विश्रांतीसाठी पाचगणीस येऊन राहिले होते. त्यांच्या दातवणाविषयी साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांनी येरवड्याच्या तुरुंगातली एक आठवण लिहून ठेवली आहे. निंबाची काडी रोज नवी मिळत असताही गांधीजी वापरलेला शेंडा तेवढा कापून टाकून तीच काडी संपेपर्यंत वापरावयास सांगत, कारण झाडाकडून गरजेहून अधिक घेण्याचा हक्क आपल्याला नाही असे ते मानीत. जंतुशास्त्राच्या दृष्टीने त्या काडीविषयी दोन प्रश्न निघू शकतील, पण वनशास्त्राच्या दृष्टीने सल्ला पक्का आहे. महाबळेश्वर–पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. शेकडो मुलांसाठी रोज काड्या तोडणे किंवा खदिराची साल काढणे येथे शोभणारे नाही. हिरड्याचे फळ आपोआप गळते, ते वेचणाऱ्याला चार पैसे देते, आणि झाड जागेवर राहते. फळ मात्र रानातून मुलांकडून गोळा करून घेऊ नये. ओळखीच्या वेचणाऱ्याकडून रोखीने घ्यावे व त्याची प्रत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावी.

तेव्हा विनंती इतकीच की, दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आपण सर्वांनी एका शाळेत एकत्र बसावे, मधल्या वेळची साखर आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट या दोन बाबींचा निर्णय त्याच बैठकीत करून टाकावा, आणि हिरड्याच्या परीक्षणासाठी कराड व सांगलीच्या दंतमहाविद्यालयांना एक संयुक्त पत्र धाडावे. त्या पत्रावर कोणत्याही पेस्टच्या कंपनीची सही वा देणगी असू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला,
घाटाखालचा एक पालक